गुणाजीच्या तोंडाची चतुःसीमा

सन १९९४ च्या थंडीत कोलशेतचे रहिवासी श्री. गुणाजी कोळी हे जर्मनीत वरच्या हिरडीत दोन स्क्रू बसवून घेऊन विश्रांतीसाठी स्वगृही परतले. त्यांना पाच महिने स्वस्थ बसायचे होते. एवढेच. यात सरकारला, पुढाऱ्यांना किंवा शेजाऱ्यांना करण्यासारखे काहीही नव्हते आणि नेमकी तीच तिघांचीही अडचण झाली.

गुणाजींचे पुढचे दोन दात पुतण्याच्या हळदीत गेले होते. बाटलीचे बूच दाताने उघडायचा मान घरातल्या थोरल्याचा, असे त्या हळदीत ऐनवेळी ठरले. मग ठाण्याहून कवळी करून आणली. ती पहिल्याच आठवड्यात होडीत शिंक आली तेव्हा खाडीत गेली. आता पुढचे दोन दात नाहीत म्हणून काही माणूस मरत नाही. पण गुणाजी पडले चिंबोरी खाणारे. खेकड्याचा नांगा पुढच्या दातांत धरायचा, कटकन फोडायचा आणि आतला रस ओढून घ्यायचा, यापलीकडे त्यांनी देवाकडे कधी काही मागितले नव्हते. दात गेल्यापासून त्यांची बायको मंजुळाबाई वरवंट्याने नांगे फोडून आतला गर वाटीत काढून देत. ती वाटी समोर आली की गुणाजी मान खाली घालून खात. त्यांना आपण म्हातारे झालो असे वाटे आणि फार वाईट वाटे.

मुलगी मालू जर्मनीत एका दातांच्या दवाखान्यात नर्स होती. बापाचे हे दुःख तिला फोनवरूनसुद्धा कळले. तिने त्यांना बोलावून घेतले आणि तिच्या डॉक्टरांनी हाडात दोन स्क्रू बसवून वरून हिरडी शिवून टाकली. स्क्रू हाडात घट्ट धरले की मग पुन्हा जाऊन त्यांवर दात बसवायचे. निघताना मालूने बजावले, "बाबा, लोणचं मुरतंय तोवर आई बरणी उघडू देते का? तसंच हे. पेज प्यायची आणि गप्प बसायचं. बोलायचं नाही, तोंड वासायचं नाही. आणि कुणाला बघू द्यायचं नाही."

घरात तोंड मिटून बसण्याचा गुणाजींना लग्नापासूनचा सराव असल्यामुळे याची कुणालाच काळजी वाटली नाही.

पण आजाऱ्याच्या समाचाराला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये आणि पाहिल्याशिवाय परत येऊ नये, ही आपली थोर संस्कृती आहे. पहिल्या दिवशी शेजारच्या हौसाबाई शेंगदाण्याची चिक्की घेऊन आल्या. नंतर कुणी ऊस आणला, कुणी भाजलेले चणे. दात नसलेल्या माणसाला काय न्यावे याचा एवढा सखोल विचार कोलशेतात पूर्वी कधी झाला नव्हता.

"आ कर रं, बगू," हौसाबाई म्हणाल्या.

गुणाजींनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे गो मंजुले. आता तो आमच्याफुरं तोंड कनाला उगरंल? जर्मनीला जाऊन आलाय ना!"

हे गुणाजींच्या काळजाला लागले. माणूस परदेशी जाऊन आला आणि शेजाऱ्यांना विसरला, असा बोल लागण्यापेक्षा हिरडी गेलेली बरी. त्यांनी इतकेसे तोंड उघडले. हौसाबाईंना दाखवले म्हणून मग त्यांच्या जावेला दाखवावे लागले आणि जावेला दाखवल्यावर कुणालाच नाही म्हणायची सोय उरली नाही.

पाहणाऱ्यांची मात्र घोर निराशा झाली. आत काहीच नव्हते. शिवलेली हिरडी, बस्स. विमानाने दात आणायला गेलेला माणूस गेला तसाच बोळका परत आला, ही बातमी पार बाळकुमपर्यंत गेली.

ती ऐकून दौलत आला. दौलत येत्या निवडणुकीला उभा राहणार होता. त्याच्याकडे माणसे होती, जीप होती, पांढरे कपडे होते. फक्त प्रश्न नव्हता. बरोबर त्याने महिपतला आणले होते, कारण कोलशेतात परदेशाची माहिती असलेला तो दुसरा माणूस होता.

"वयनी, दात कुठं हान?" दौलतने विचारले.

"तिकरंच हान," मंजुळाबाई म्हणाल्या. "पाच म्हैन्यानी मिलनार."

"आताच का नाय?"

"आता नाय द्यायचं, असा नियम हाय त्यांचा."

महिपतने एकदम मांडीवर थाप मारली. "माजा व्हीसीआर! दुबईशनं आनलेला. विमानतलावर असाच बोलले, आता नाय, नंतर मिलंल."

"मिलला?"

"मिलला. पन रिमोट नाय मिलला."

दौलत उठून उभा राहिला. "म्हंजे दात अरवले!"

गुणाजींनी घाईघाईने नातवंडांची पाटी ओढली आणि लिहिले : 'दात नंतर बसवायचे आहेत.' दौलतने पाटी उंच धरून जमलेल्यांना वाचून दाखवली, "दात बसवायचे आहेत! बगा, दादूसची सोताची मागनी!" त्यातला 'नंतर' हा शब्द वेळेअभावी वगळण्यात आला.

"पन दादूस बोलत का नाय?"

"बोलू नको सांगलाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "तिकरच्या डाक्टरनी."

"ऐकला?" दौलत जमलेल्यांकडे वळला. "गोऱ्या मान्साने आपल्या कोल्याचा तोंड बंद केला!"

दुसऱ्या दिवशी नाक्यावर 'दात सोडवा कृती समिती'चा फलक लागला. अध्यक्ष दौलत, तांत्रिक सल्लागार महिपत.

समितीचे शिष्टमंडळ रिक्षा भरभरून ठाण्याला गेले. तिथे अधिकाऱ्यांनी निवेदन अतिशय सहानुभूतीने स्वीकारले आणि हे दात कोणत्या खात्याचे, असा मूलभूत प्रश्न विचारला. आरोग्याचे म्हणावे, तर दात तोंडात असेपर्यंतच आरोग्याचा. तोंडात नसलेल्या दाताशी त्या खात्याचा संबंध नाही. वनखात्याच्या माणसाने हत्तीचे असल्यास या, असे सांगितले. शेवटी एका जुन्या हेडक्लार्कने मार्ग काढला. दात नाहीत, पण दातांची जागा तर आहे? ती रिकामी आहे? आणि ओली आहे? मग हे प्रकरण सरळसरळ 'रिकाम्या व ओलसर जागा नियंत्रण कचेरी'चे.

त्या कचेरीचे निरीक्षक लगोलग स्थळपाहणीला आले. बॅटरी होती, टेप होता, पंच म्हणून दौलत आणि महिपत होते.

"आ करा," निरीक्षक म्हणाले.

"सायेब, उगरायचा नाय सांगलाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "आतमदी मुरतंय."

"बाई, सरकारी कामात अडथळा आणू नका."

गुणाजींनी आ केला. निरीक्षकांनी सांगितले आणि शिपायाने लिहून घेतले : 'सदर जागेची चतुःसीमा : वर नाक, खाली जीभ, डावीकडे शेजारचा दात, उजवीकडे शेजारचा दात. जागा रिकामी, उताराची व सदैव ओली. पेनच्या टोकाने टोकरून पाहता हिरडीखाली धातूचे दोन खांब पुरल्याचे आढळले. जागामालक "अं अं" असे म्हणाले. त्यांची हरकत नाही असे समजण्यात आले.'

"हे खांब कशाला?" निरीक्षकांनी विचारले.

"त्याच्यावर दात उबं रानार."

"कधी?"

"पाच म्हैन्यानी."

निरीक्षकांनी पेन खिशाला लावले. त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "म्हणजे पाया घातलाय. परवानगी न घेता. वर पाच महिन्यांत दोन खांबांवर इमारत चढवायचा बेत आहे."

"सायेब, तोंड त्यांचा सोताचा हाय!"

"सगळे हेच सांगतात," निरीक्षक म्हणाले.

नोटीस तिथल्या तिथे निघाली. सदर पाया अनधिकृत आहे. शिवाय जागेत दिवसातून दोनदा पेज येते व ओसरते, सबब ती भरतीरेषेच्या आत मोडते. सबब पाया का उखडू नये याचे कारण द्यावे. नोटीस बांधकामाच्या दर्शनी भागावर डकवावी असा नियम असल्याने शिपायाने खळ लावून ती गुणाजींच्या गालावर डकवली. गाल सुजलेला असल्यामुळे ती ऐसपैस बसली.

ठाणे-कोलशेतात अनधिकृत बांधकाम ही काही लाजेची गोष्ट नव्हती. उलट नोटीस लागल्यावर गुणाजींची पत वाढली. गाळे असलेली बडी मंडळी त्यांना स्वतः होऊन नमस्कार करू लागली. दौलतला तर हवे होते त्याहून मोठे घबाड मिळाले. अडवलेले दात एका माणसाचे; पण पाडकामाची भीती घराघरांत होती. फलकावरचा मजकूर एका दुपारीत बदलला : 'दात नियमित करा, नाहीतर खुर्ची खाली करा.' नाक्यावर मांडव पडला आणि उपोषण जाहीर झाले.

उपोषणाला बसणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा समितीतल्या प्रत्येकाला एकाएकी पित्ताचा त्रास असल्याचे आठवले. गुणाजी तसेही काही चावत नव्हते. त्यांना गादीसकट उचलून मांडवात आणले.

मंजुळाबाई पेजेचे भांडे घेऊन मागोमाग आल्या. दौलतने त्यांना कनातीपाशी अडवले.

"वयनी, उपोषनाला बसलेला मानूस पेज पितोय, असा फोटू आला तर दातांचा प्रश्न पन्नास वरसा मागं जाईल."

"दातांचा प्रश्न गेला चुलीत! मालूच्या बापसाचा तोंड हाय ता. त्याना भूक लागलीय."

"वयनी, आता ता तोंड त्यांच्या एकल्याचा ऱ्हायला नाय."

मांडवात गुणाजींनी पाटीवर लिहिले : 'भूक लागली आहे.' दौलतने पाटी उंच धरली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गुणाजींनी पुसून लिहिले : 'मला घरी जायचे आहे.' तेव्हा घोषणा झाली : "घर आमच्या हक्काचं!" त्यानंतर त्यांनी पाटी उलटी करून ठेवली आणि ते मंजुळाबाईंकडे पाहत बसले. मला तरी त्या मांडवात समजण्यासारखी तेवढी एकच गोष्ट दिसते. पण ती कुणी वाचून दाखवली नाही.

सुदैवाने एक उपमंत्री शीळफाट्याला कसलेतरी उद्घाटन करून ठाण्याकडे येत होते. दौलतने जीप आडवी घातली. उपमंत्री मांडवात आले, सगळे ऐकून घेतले आणि त्यांनी खास बाब म्हणून सदर पाया जागच्या जागी नियमित केला. कोलशेतात फटाके वाजले. गुणाजींनीसुद्धा डोळे मिटून हात जोडले. मंजुळाबाईंनी पेजेवरची ताटली काढली.

"एक मिनिट," निरीक्षक पुढे होऊन अदबीने म्हणाले. "साहेब, पाया नियमित झाला. पण याचं भूमिपूजन झालेलं नाही. भूमिपूजनाशिवायचा पाया फाइलवर कसा घेऊ?"

उपमंत्र्यांना ते पटले. भूमिपूजनाला ते कधीच नाही म्हणत नसत. त्यांच्या गाडीत चांदीची छोटी कुदळ कायम ठेवलेली असे. हळदकुंकू आले, नारळ आला, फोटोग्राफर बाकावर चढला.

"आ करा," उपमंत्री प्रेमाने म्हणाले.

गुणाजींनी सगळीकडे पाहिले. गाव जमला होता. हौसाबाई टाचा उंचावून बघत होत्या. एवढ्या लोकांना नाही म्हणण्याचा माणसाला सराव नसतो. त्यांनी आ केला. उपमंत्र्यांनी हिरडीवर हळदकुंकू वाहिले आणि कुदळीचा एक शास्त्रापुरता घाव घातला.

टाका तुटला, रक्त आले आणि त्यासोबत एक स्क्रू उपमंत्र्यांच्या तळहातावर पडला. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. उपमंत्र्यांनी तो स्मृतिचिन्ह म्हणून स्वीकारला.

"साहेब, फ्लॅश उडाला नाही," फोटोग्राफर ओरडला. "अजून एकदा!"

कुदळ पुन्हा उचलली गेली. तेवढ्यात मंजुळाबाई मध्ये घुसल्या. त्यांनी आपला मासळी कापून घट्टे पडलेला तळवा नवऱ्याच्या तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांना उठवले. तशाच त्या त्यांना गावातून घरी घेऊन गेल्या. गुणाजी लहान पोरासारखे रडत होते, पण तळव्याखाली असल्याने ते कुणाला ऐकू गेले नाही.

दौलत निवडून आला. कचेरीच्या फाइलवर शेरा पडला : 'एक खांब मालकाने स्वखुशीने काढून घेतला. दुसरा नियमित.' मालू फोनवर आधी रडली, मग नर्ससारखी बोलली, "आई, दुसरा हलत नाही ना? मग मुरू दे त्याला. एकावरसुद्धा दात बसतो. फक्त आता कुणी बघू नका."

एका दाताने नांगा फुटतो का, यावर गुणाजींनी पुष्कळ विचार केला. जरा तिरका धरला तर फुटतो, असे त्यांचे मत पडले. आता ते आतल्या खोलीत तोंड मिटून बसलेले असतात. मंजुळाबाईंनी दाराला आतून कडी घातली आहे आणि त्या दाराला पाठ लावून बसल्या आहेत.

बाहेर कोलशेत उभे आहे. झाल्या प्रकाराने सगळ्यांना मनापासून वाईट वाटले आहे. जो येतो तो हळहळतो आणि दार वाजवून विचारतो, "मंजुले, दुसरा तरी हाय ना गो? एकदा बगू तरी दे, जिवाला बरा वाटंल."

आणि तुम्ही, वाचकहो. तुम्ही एवढा वेळ दौलतला हसलात, निरीक्षकाला हसलात, कुदळीपाशी तर तुमच्या तोंडून शिवीही गेली असेल. पण खरे सांगा, आत्ता तुमच्या मनात काय आले? तो दुसरा स्क्रू पक्का आहे ना, एवढे फक्त कळले असते तर बरे झाले असते, नाही का?

मग रांगेने या. हौसाबाईंच्या मागे उभे राहा. आणि रिकाम्या हाताने येऊ नका, थोडी चिक्की आणा.