चहाडखोर पेटी

नवी इंटरनेटची लाइन आली आणि मालसूनबाईंच्या घरात टीव्हीवर भन्तेजींचं प्रवचन अडखळायचं थांबलं. जुन्या लाइनीवर फार हाल व्हायचे. डोंगरावरच्या देवळातले भन्तेजी लाकडी ठोकळ्यावर ठेका धरून गात गात प्रवचन करायचे, "माणसा, जाताना सोबत काय नेशील...", आणि नेमके तिथेच तोंड उघडं ठेवून गोठायचे. ते पुन्हा हलेपर्यंत बाईंचा चहा थंड! आता सूर कसा तिळाच्या तेलासारखा ओघळत यायचा.

लाइन जोडणाऱ्याने "सगळ्याला संमती" असा एक चौकोन दाखवला होता. बाईंनी चष्माही न शोधता बोट टेकवलं. "आजी, कंपनीचा फोन येईल," तो जाताना अजिजीने म्हणाला. "'अत्यंत समाधानी' म्हणा हं. नुसतं 'समाधानी' म्हणालात तर साहेब मला फाडून खातील."

पण टीव्हीखालची ती नवी पेटी निघाली चहाडखोर. बाईंनी फोनवर गुडघ्याचं मलम शोधलं, की टीव्हीवर गुडघे. त्याचं काही नाही; त्यांचे गुडघे साऱ्या जॉन्जू गावाला माहीत होते. पण काल तिने किमची दाखवली, आणि बाईंनी घाईघाईने टीव्ही बंद केला.

देवळात थंडीच्या तोंडावर गोरगरिबांसाठी कोबीची तिखट किमची मुरत घालतात. लसूण-कांदा वर्ज्य, तरी खाणारा बोटं चाटत राही, कारण तिखट-मीठ मालसूनबाईंच्या हातचं. मात्र गुडघे गेल्यापासून घरची किमची त्या गुपचूप कारखान्यातून मागवत आणि मातीच्या बरणीत ओतून ठेवत. त्या किमचीचं नावच मुळी 'आईच्या हातची'! आणि यंदा देवळातली चव कोणी सांभाळायची, हे ठरवायला देवळातल्या बायका आज त्यांच्याच घरी जमणार होत्या. आधी प्रवचन, मग जेवण, मग निवाडा.

बाईंनी कंपनीला फोन लावला.

"आपली गोपनीयता आम्हाला प्राणाहून प्रिय आहे," पलीकडून गोड आवाज आला. "कृपया नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगा."

"अगं, माझं काही तुम्हाला कळू नये म्हणूनच तर फोन केलाय!"

"हे संभाषण नोंदवलं जात आहे."

तापल्या तव्याला हात लागावा तसा बाईंनी फोन टाकला. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. त्यांनी टीव्हीची वायरच उपटली.

"टीव्ही बिघडलाय," त्या हसऱ्या तोंडाने म्हणाल्या. "आपापल्या फोनवरच ऐकू या. हा घ्या माझ्या वाय-फायचा पासवर्ड."

"मालसूनताई, काय थाट गं तुझा!" ब्योंगसुक म्हणाली. तिची जीभ मिरचीहून तिखट. "एका घरात पाच भन्तेजी!"

जेवणाचं बुटकं मेज मांडलेलंच होतं. प्रवचन रंगलं. ब्योंगसुक अधूनमधून बरणीतली किमची चाखत होती. आणि पाचही फोन एकदम किणकिणले. एका लाइनीवरच्या सगळ्यांना पेटीने एकाच घरचं धरलं होतं. पाचही पडद्यांवर तोच मजकूर झळकला: "तुमची नेहमीची 'आईच्या हातची' संपत आली का? बोट टेकवा, उद्या दारात!"

मालसूनबाईंनी डोळे गच्च मिटले. संपलं सगळं. भन्तेजी मात्र पाच फोनांतून मागेपुढे गातच होते, "झाकण कितीही घट्ट लावा बायांनो, मुरलेल्याचा वास बाहेर येतोच..."

बाईंनी एक डोळा किलकिला केला. चारही जणींचे फोन मेजावर पालथे पडले होते.

"मी... मी एकदाच मागवली होती," ब्योंगसुक पुटपुटली. "सुनेच्या बाळंतपणात."

"एकदाच कसली?" सगळ्यांत वडील तॉकिमताई बोलून गेल्या. "मेला मला तर 'नेहमीची' म्हणतोय!"

"अय्या, म्हणजे तुम्हीपण?" खिडकीपाशी बसलेल्या दोघी एका सुरात ओरडल्या.

सगळ्यांच्या नजरा बरणीकडे वळल्या. ब्योंगसुकने आणखी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि मांडीवर थाप मारली. "तरीच! मघापासून म्हणतेय, चव ओळखीची लागतेय!"

मग जे हसू फुटलं, ते आवरता आवरेना. डोळे पुसत तॉकिमताई म्हणाल्या, "ते राहू दे. पण देवळाचं काय? तिथे काय कारखान्याला आमंत्रण धाडायचं?"

"चव अजून जिभेवर आहे हो, ताई," मालसूनबाई खाली बघत म्हणाल्या. "पण खाली बसून कालवणं होत नाही आता. देवळात नाही कसं म्हणू? म्हणून लपवत होते."

"एवढंच ना?" तॉकिमताईंनी उडवून लावलं. "खुर्चीवर बस. कालवायला आम्ही, चाखायला तू. जीभ काय गुडघ्यात असते?"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कंपनी! "आपण आमच्या नव्या सेवेबद्दल किती समाधानी आहात?"

सकाळपासून जमवलेली शिव्यांची माळ बाईंच्या ओठांवर तयार होती. त्यांनी मेजाकडे पाहिलं. ब्योंगसुक चोरून तिसऱ्यांदा वाढून घेत होती.

"अत्यंत समाधानी," बाई म्हणाल्या. "फक्त त्या 'आईच्या हातची'त मीठ जरा जास्त होतंय. तुमची पेटी नाहीतरी गावभर सांगतच असते. तेवढं त्या कारखान्यालाही सांगा म्हणावं."