मठ्ठ्याची साक्ष

ज्या वर्षी नातीचं, उत्तराचं, बारसं झालं, त्याच वर्षी माघात जयतीर्थ आणि अंबूताई तंबूत राहायला डोंगरावर गेले. जयतीर्थ अडुसष्ट वर्षांचे, अंबूताई चौसष्टच्या. होळीनंतर अंबूताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एक रात्र घराबाहेर, डोंगर बघत झोपायचं, एवढीच त्यांची मागणी. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि मागणी एकेचाळीस वर्षांपूर्वीची होती. जयतीर्थांनी ती विचाराधीन ठेवली होती.

जयतीर्थ सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. साक्षांकित कागदांची प्लास्टिकची पिशवी घेतल्याशिवाय ते रायापूरच्या घरातून भाजीलाही निघत नसत. तीन तास गाडी चालवून ते राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पोचले, तेव्हा पिशवी अंबूताईंच्या मांडीवर होती आणि इडल्यांचा डबा पायाशी.

फाटकावरच्या मंजुनाथने कागद चाळले. "सर, बुकिंग दांपत्य तंबूचं आहे. लग्नाचा दाखला?"

पिशवीत दहा वर्षांची वीजबिलं होती. गाडीच्या जुन्या मालकाचा रहिवासी दाखलाही होता. लग्नाचा दाखला नव्हता, कारण लग्न कधी नोंदवलंच नव्हतं.

"अरे मंजुनाथ, आम्ही पळून आल्यासारखे दिसतो का?" अंबूताईंनी विचारलं.

"अक्का, मला दिसतंय. रूलला दिसत नाही."

अंबूताईंनी मंगळसूत्र पुढे केलं.

"मंगळसूत्र दागिन्यात मोडतं," जयतीर्थ म्हणाले. "कागदात नाही."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"जो बरोबर आहे त्याच्या."

दोघांच्या आधारवर आडनाव एकच होतं. पण ते भावाबहिणीचंही असतं, ही शंका जयतीर्थांनीच काढली. मंजुनाथला ती सुचली नव्हती. त्यानं लिहून घेतली.

फाटकाशेजारच्या नियमांच्या फलकावर दुसरंही कलम होतं: अविवाहितांना दोन तंबू, शंभर फुटांच्या अंतरावर.

"मग तेच दे," अंबूताई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांनी शंभर फूट काही फार नाहीत."

पण एकदा दांपत्य म्हणून अर्ज केल्यावर अविवाहित होता येत नव्हतं. उरलं तिसरं कलम: दाखला नसल्यास, लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार फाटकावर आणावा. लग्नाला हजर असलेल्यांतलं हयात माणूस एकच. अंबूताईंचे मामा, मुकुंदराव, वय एक्क्याण्णव, मुक्काम सप्तापूर. तीन तास खाली, तीन तास वर. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा कानटोपी आणि औषधांच्या डब्यासह फाटकावर हजर झाले.

"अज्जा, ह्यांचं लग्न पाहिलंत?"

"पाहिलं काय, जेवलोय. मठ्ठा संपला होता. दोनदा मागितला, दोनदा 'आणतो' म्हणाले. अजून आणलेला नाही."

"मामा, पुरे आता," अंबूताई म्हणाल्या.

मंजुनाथने नोंद केली: साक्षीदारास मठ्ठा न मिळाल्याचे निश्चित स्मरते, सबब विवाह झाला होता. जयतीर्थांना मसुदा आवडला. त्यांनी फक्त एक स्वल्पविराम सुचवला.

"मात्र सर, साक्षीदार आवारात असेल तोवरच तुम्ही दांपत्य," मंजुनाथ म्हणाला.

म्हणजे मामांना मुक्काम करणं आलं. ऐंशीच्या वरच्यांना तंबूत एकटं ठेवायला मनाई होती. तंबू दोघांचाच होता. तेव्हा नियमाप्रमाणे दांपत्य तंबूत जयतीर्थ आणि मामा झोपले, आणि अंबूताईंची सोय गाडीत झाली.

सकाळी जयतीर्थांची मान आखडली होती. मठ्ठ्याची हकीकत त्यांनी चार वेळा ऐकली होती. अंबूताई मात्र ताज्यातवान्या उतरल्या. मागची सीट पाडून त्या आडव्या झाल्या होत्या. काचेतून डोंगर दिसत होता आणि शेजारी कुणी घोरत नव्हतं.

"कशी गेली रात्र?" जयतीर्थांनी विचारलं.

"एकेचाळीस वर्षं थांबल्याचं चीज झालं," अंबूताई म्हणाल्या.

होळीनंतर गुडघे झाले. जयतीर्थांनी लग्न नोंदवायचा अर्ज तीन प्रतींत केला आणि साक्षीदाराच्या सहीची जागा पेन्सिलीनं खुणावली. मामा म्हणाले, "पेन दे, आत्ताच करतो." पण प्रती साक्षांकित व्हायच्या होत्या. "एवढी काय घाई मामा," जयतीर्थ म्हणाले, "गणपती होऊ देत."

हसण्याआधी वाचणाऱ्यांनी आपल्या पंगतीत जेवून गेलेली माणसं मोजावीत. किती उरलीत, आणि त्यांना काय वाढायचं राहिलं, ते आजच बघून ठेवावं. जयतीर्थ आणि अंबूताई अजून रायापूरला एकत्र राहतात. त्यांच्या लग्नाला आता पुरावा नाही. मुकुंदराव त्याच वर्षी, ऋषिपंचमीच्या सकाळी, सप्तापूरच्या घरी वारले.