चोचीप्रमाणे पान

कोंढा गावच्या घनश्यामरावांनी एक दिवस पाखरांना जेवायला बोलवायचं ठरवलं. माणसं येत नव्हती, म्हणून पाखरं. एवढी साधी गोष्ट! पण साधी गोष्ट साधी राहू देतील तर ते घनश्यामराव कसले?

त्यांची बायको केशरबाई दिवाळी आटोपताच नागपूरला लेकीकडे गेली. रीनाला बाळ झालं होतं. जाताना 'पंधरा दिवसांत परत' म्हणाली होती, आणि आता संक्रांत तोंडावर आली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवले का?"

"जेवलो."

"करमते का?"

या प्रश्नावर घनश्यामराव छाती पुढे काढून (फोनवर छाती दिसत नाही, तरी) सांगत, "मले काय झालं? मजेत आहो मी!" आणि फोन ठेवून सकाळचाच गार भात पुढ्यात घेत. धान कापून, मळून, विकून झालं होतं. हाताला काम नाही, घरात बोलायला कोणी नाही. 'तू ये' हे दोन शब्द रोज घशापर्यंत येत आणि भाताच्या घासाबरोबर पुन्हा खाली जात. फार एकटं वाटायचं त्यांना. पण सांगणार कसं? मजेत होते ना!

केशरबाई दरसालप्रमाणे दारावर धानाच्या लोंब्यांची झालर टांगून गेली होती, चिमण्यांसाठी. घनश्यामराव त्या झालरीसमोर बसून राहू लागले. चिमणी आखूड, जाड चोचीत दाणा फिरवायची आणि तूस बरोबर खाली पाडायची. त्यांनीही एक दाणा दातांनी सोलून पाहिला. तो सोलेपर्यंत चिमणी जेवून उडून गेली.

झालं, नाद लागला. पेरूच्या झाडावरचा पोपट बाकदार चोचीनं पेरू कोरायचा. घरामागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, बगळा चोचीचा भाला करून मासा उचलायचा. तिथंच एक करकोचा यायचा. त्याची चोच मिटली तरी मधे फट उरायची, पण त्याच फटीत धरून तो गोगलगाय शंखातून अशी अलगद सोडवायचा की बघत राहावं. घनश्यामरावांनी निष्कर्ष काढला, ज्याची जशी चोच, त्याला तसं पान वाढलं पाहिजे. (त्यांच्या स्वतःच्या तोंडाला काहीही चाललं असतं, पण वाढायला कोणी नव्हतं.)

आदल्या संध्याकाळी ते बोडीत उतरून अंधार पडेपर्यंत बादलीभर गोगलगायी गोळा करत होते. फोन घरात वाजून वाजून गप्प झाला.

सकाळी करकोच्याच्या गोगलगायी आणि बगळ्याचे मासे त्यांनी मागे बोडीकडे ठेवले. अंगणात चिमण्यांना कणी, पोपटाला पेरू. भांडी घासायचा कंटाळा, म्हणून सगळं पळसाच्या पत्रावळींवर. राहिला कावळा. त्याची चोच सगळ्या कामाची, मग त्याला द्यावं काय? शेवटी भात, वर दही, आणि त्यावर टपरीवरचा वडा. नुकतीच आंघोळ झालेली, अंगात सदरा नाही, कमरेला पांढरं धोतर, आणि आभाळाकडे पाहत हाक, "ये! ये बाप्पा, ये!"

आता असं दृश्य आपल्याकडे कोणत्या घरी दिसतं, ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या गिरजाबाईंनाही सांगावं लागलं नाही. कुंपणापलीकडे त्यांच्या हातातली घागर खाली आली.

"अवो माय! केशर!"

थोड्याच वेळात अंगणात माणसं जमू लागली. घनश्यामरावांना कोण आनंद! "या, बसा!" लोक बसले, पण बोलेनात. म्हातारे भैय्याजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धर गा, घनशाम."

"सकाळपासून धीरच धरून राहिलो," घनश्यामराव छपराकडे पाहत म्हणाले. छपरावर एक कावळा येऊन बसला होता.

गिरजाबाईंनी गरम बेसन-भात आणला. घनश्यामरावांनी दोनदा मागून घेतला. मग भैय्याजी म्हणाले, "केशरबाईसारखी बाई नाही गा गावात." इतक्या दिवसांत तिचं नाव कोणी काढलं नव्हतं. घनश्यामरावांचा बांध फुटला. सगळ्यांसमोर ते ढसाढसा रडले, आणि ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

कावळा मात्र पानाला शिवेना. (समोर अख्खं गाव बसल्यावर कोणता कावळा खाली उतरेल?)

"जीव अटकला तिचा," भैय्याजी म्हणाले.

गिरजाबाईंनी कावळ्याला हात जोडले. "केशर, घनशामभाऊची काळजी नोको करू वो! मी रोज भाजी देईन त्याइले."

आता कुठे घनश्यामरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात भैय्याजी म्हणाले, "आन मी रोज संध्याकाळी बसाले येईन त्याच्याजवळ." घनश्यामरावांचं उघडलेलं तोंड हळूच मिटलं. अजून कोणी काही कबूल करतं का, ते ऐकू लागले.

तोच फाटकाशी किंकाळी उठली. "मले एकटी टाकून गेले वो!"

फोन उचलला नाही म्हणून पहिल्या गाडीनं निघालेली केशरबाई पिशवी टाकून आक्रोश करत होती. तिला पाहून गिरजाबाईंनी दुप्पट मोठी किंकाळी फोडली.

"केशर, मी इथं आहो," गर्दीतून घनश्यामराव उठले.

केशरबाई डोळे पुसून त्यांच्याकडे बघतच राहिली. "मंग हे पान कोनाचं?"

"पाखराइचं."

भैय्याजी काठी टेकत उठले. लोक आले तसे न बोलता गेले. गिरजाबाईंनी उरलेला बेसन-भात आठवणीनं परत नेला. अंगण पुन्हा रोजच्यासारखं रिकामं झालं.

"तुमाले समजलं होतं ना, लोकं काहून आले ते?" केशरबाईनं विचारलं.

"मंग समजलं."

"तं सांगतलं काहून नाही?"

घनश्यामराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "कोनी येतच नाही ना घरी. करमत नाही मले, केशर. तू ये आता."

कावळा सर्रकन खाली आला आणि वडा चोचीत धरून उडाला.

केशरबाई ओट्यावर बसली. "रीनाची सासू येऊन महिना झाला. तवापासून पिशवी भरूनच ठेवली होती मी. रोज इचारत होती, करमते का म्हनून. तुमी म्हना, मजेत. म्हनलं, राहू द्या मजेत!"

घनश्यामरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. ते मिटायचं मात्र राहून गेलं.

"येवढ्या पाखराइच्या चोची पाह्यल्या," पदरानं डोळे टिपत केशरबाई म्हणाली, "आपली देवानं कायले देली, तेवढं नाही पाह्यलं?"