बाळंतपणाच्या खोलीचं उद्घाटन

दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या नव्या खोलीचं उद्घाटन त्या सकाळी व्हायचं होतं, आणि समोरच्या गल्लीतल्या सुनेला नेमक्या त्याच सकाळी कळा सुरू झाल्या.

नर्सबाईंना आधी आनंदच झाला. या सुनेच्या सासूला पटवता पटवता त्यांच्या चपला झिजल्या होत्या. "माझी सगळी घरीच झाली, काय बिघडलं?" हे सासूचं पालुपद. त्यातली दोन जगली नाहीत, हे ती सांगत नसे. आज मात्र ती आपणहून सुनेला घेऊन आली होती.

खोलीच्या दाराला लाल फीत होती आणि फितीमागे कुलूप.

"किल्ली कुठंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांच्या खिशात," शिपाई म्हणाला. "ते उद्घाटनाच्या साहेबांना आणायला गेलेत."

"मग जुनी खोली उघडा."

"तिथं छतापर्यंत भाड्याच्या खुर्च्या रचल्यात."

"अहो, मग कुलूप तोडा!"

"आणि फीत? साहेब मग काय कापतील, माझी मान?"

डॉक्टरांचा फोन लागेना. सुनेनं कळ सोसत बाक घट्ट धरला. साहेबांसाठी बाकही रंगवला होता. तिचे दोन्ही तळवे हिरवेगार झाले.

"बघितलंत?" सासू कडाडली. "चल गं घरी!"

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला, पेटी उचलली आणि मागोमाग धावल्या.

मूल आलं, पण रडेना. नर्सबाईंनी त्याला पुसलं, पाठ चोळली, मग पेटीतला रबरी फुगा दाबून तोंडावाटे हवा दिली. अखेर ते असं किंचाळलं, की घरची बाळंतपणं आता इतिहासजमा झाल्याचं लाऊडस्पीकरवरचं भाषणही ऐकू येईना.

नर्सबाई मटकन खाली बसल्या. "नशीब थोर म्हणून वाचलं हो! सगळी यंत्रं तिकडं कुलपात."

पण सासू केव्हाच दारात जाऊन गल्लीला ओरडून सांगत होती, "नर्सबाईंनी घरी येऊन सोडवलं हो!"

दुसऱ्या दिवशी नवी खोली सताड उघडी होती, पण रिकामी. बाहेर दोन गरोदर बायका सासवांसोबत उभ्या दिसल्या, तशा नर्सबाई हरखल्या.

"या, या, आत या!"

"आत कशाला?" एक सासू म्हणाली. "तुम्हाला आमचं घर दाखवून ठेवायला आलोय. वेळ आली की तुम्हीच या."