संगणकाचे पहिले उत्तर

कोणतेही यंत्र वापरल्याने झिजते, हे सर्वमान्य सत्य आहे. डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या कन्या संगणक वर्गाने ते जितके मनावर घेतले, तितके क्वचितच कुणी घेतले असेल. १९८८च्या जुलैत वर्गाला एक संगणक भेट मिळाला आणि कार्यकारिणीने त्याच संध्याकाळी एकमताने ठराव केला, की उद्घाटनापूर्वी त्याला कोणीही हात लावू नये. प्रमुख पाहुण्यांची तारीख चौदा महिन्यांनंतरची मिळाली. (पाहुणे मोठे होते. लहान पाहुणे पुढच्याच रविवारी मोकळे होते, पण ते कुणाला हवेत?)

संगणकाला एसीची खोली दिली, मखमली गवसणी शिवली, दाराला पडदा लावला आणि चपला काढण्यासाठी बाहेर रेघ मारली. चौदा महिन्यांत बिघाडाचे प्रमाण शून्य टक्के राहिले.

शाळा सुटल्यावर येणाऱ्या सव्वीस मुली बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वहीत प्रोग्रॅम लिहीत. ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस. कीबोर्ड पुठ्ठ्यावर काढलेला होता. त्यातला एंटरचा कोपरा उंदराने खाल्ला, तेव्हापासून मुली तिथे बोट टेकवून तोंडाने 'एंटर' म्हणत. शिक्षण कुठे अडले नाही.

त्यांत खाडीकाठच्या मोठागावची मालन होती, सातवीतली. तिचे वडील दामाजी खाडीत होडी चालवत. तिने स्वतःच्या डोक्याने नऊ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता: तिथी द्या, भरतीची वेळ घ्या. तो एकदा खऱ्या संगणकावर चालवून बघायचा, एवढेच तिला हवे होते. दर सोमवारी ती विचारी, "बाई, आज लावू?"

"अगं, उद्घाटन होऊ दे," आमच्या अध्यक्षा प्रमोदिनीबाई मायेने म्हणत. "मग तुमचाच आहे तो."

मी चिटणीस. मी ही मागणी दर वेळी इतिवृत्तात नोंदवली. एकूण एकावन्न नोंदी आहेत, अक्षर सुवाच्य आहे.

उद्घाटन गणपतीच्या दिवसांत झाले. पाहुणे आले आणि वीज गेली. सुदैवाने पाहुण्यांचे बूट नाडीचे होते आणि पोट वाकण्यासारखे नव्हते, त्यामुळे रेघ ओलांडण्याचा प्रश्न आला नाही. त्यांनी दारातूनच फीत कापली आणि पडद्याकडे बघून विचारले, "अनंत चतुर्दशीला खाडीला भरती किती वाजता, सांगेल का हा?"

प्रमोदिनीबाईंनी मालनला पडद्याआड ढकलले. "लिही पटकन."

"बाई, मशीन बंद हाय ना!"

"तुला येतं ना? मग झालं तर."

चौदावी तिथी, तिची पाऊणपट, साडेदहा. मालनने कागदावर लिहिले आणि सवयीने मोठ्याने म्हणाली, "एंटर!"

"बोलतोसुद्धा?" पाहुणे थक्क झाले.

कागद बाहेर आला. हातातल्या कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेणाऱ्या दोनशे सुशिक्षितांनी टाळ्या वाजवल्या. (संगणकाला वीज लागते, ही बाब पंख्याच्या दुःखात राहून गेली.) पाहुणे म्हणाले, "मुलींनो, यंत्राने हे बारा सेकंदांत केलं. तुम्हाला कधी जमेल?"

मालन पडद्याआडून बाहेर आली. "त्ये मी केलंय."

सगळे हसले. मीही हसलो. खरे काय ते मला ठाऊक होते, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. इतिवृत्तात मात्र 'खेळीमेळीचे वातावरण' असे लिहिले आहे.

दुसऱ्या दिवसापासून मालन आली नाही. चतुर्दशीला भरती साडेदहाच्या सुमारास आली. पाहुण्यांनी संगणकाला प्रशस्तिपत्र पाठवले. ते आम्ही फ्रेम करून त्याच्या डोक्यावर टांगले.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. ऐकून झाल्यावर प्रत्येक जण एकच विचारतो: मग तो संगणक सुरू झाला का? झाला. वीज आल्यावर लगेच झाला, आणि पुढे नऊ वर्षे उत्तम चालला. तुम्हालाही तेच विचारायचे असणार, म्हणून सांगून टाकले. मालनचे काय झाले हे अजून कुणी विचारलेले नाही, त्यामुळे त्याची नोंद ठेवलेली नाही.