मालकांचे स्वतःचे मत

सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या आणि मत एकच असायचे. जो खुर्चीत बसला असेल त्याचे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी मालकांनी स्वतःला हा नियम घालून घेतला होता. हातात वस्तरा असलेल्या माणसाने वाद घालू नये. समोरचा घाबरतो, मान हलवतो आणि मग नको ते होते. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणाले धरण हवे, की मालक म्हणत, "हवंच." पुढचे गिऱ्हाईक म्हणाले धरण नको, की मालक त्याच्या मानेवर पावडर झटकत म्हणत, "छे, कशाला हवंय?" यात त्यांना लबाडी वाटत नसे. गिऱ्हाइकागणिक टॉवेल बदलायचा, तसेच मतही. मागच्याचे पुढच्याला वापरायचे नाही.

दुसऱ्या खुर्चीवर मौनी काम करायचा. आठ वर्षांपूर्वी तो सीमेपलीकडून आला, तेव्हापासून त्याच खुर्चीमागे उभा होता. त्याचे खरे नाव उच्चारायला अवघड होते, म्हणून कुणी उच्चारायच्या भानगडीत पडले नाही. तो दिवसभरात दोनच शब्द बोले, "मान सरळ." जितके बोलू तितके आपण कुठले ते लोकांना कळते, हे तो आल्या आल्या शिकला होता. हात मात्र असा हलका, की निम्मी गिऱ्हाइके दाढी चालू असताना घोरत.

दर मंगळवारी निवृत्त पोस्टमास्तर यायचे आणि हट्टाने मौनीच्याच खुर्चीत बसायचे. बसले की सुरू. "या बाहेरच्यांना एकजात जहाजात भरून परत पाठवलं पाहिजे! आपल्या पोरांची कामं पळवतात!" मौनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर करी आणि म्हणे, "मान सरळ." शेजारच्या खुर्चीवरून मालक म्हणत, "भराच एकदा जहाजात."

गुरुवारी प्राध्यापक यायचे, ते मालकांच्या खुर्चीत. त्यांच्या मते सीमा म्हणजे नकाशावरच्या नुसत्या रेघा होत्या आणि बाहेरून येणारा प्रत्येक माणूस आपली संस्कृती समृद्ध करत होता. "अगदी समृद्ध," मालक म्हणत आणि त्यांच्या कानामागचे केस उडवत. मंगळवार आणि गुरुवार यांच्यामध्ये देवाने बुधवार ठेवला होता, म्हणून सगळे सुरळीत चालले होते.

मग सरकारने नवा नियम काढला. बाहेरून आलेल्या प्रत्येकाने महिनाअखेरीपर्यंत राहण्याचा परवाना घ्यावा, नाहीतर परत जावे. सगळीकडे वादावादी सुरू झाली. पोस्टमास्तरांनी 'आपली माणसं आधी' नावाची समिती काढली आणि दाढीला साबण लागलेला असतानाच विचारले, "मालक, तुमचं नाव घालू ना?" मालक आपल्या गिऱ्हाइकाचे कल्ले मोजत होते. "घाला की," ते म्हणाले. दोन दिवसांनी प्राध्यापकांनी 'उघडं दार' मंच काढला आणि तेच विचारले. "घाला ना," मालक म्हणाले. 'पावडर लावू का' या प्रश्नाला लोक जितका विचार करून उत्तर देतात, तितकाच विचार त्यांनी केला होता.

बुधवारी मालक मौनीला घेऊन परवाना कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी अर्ज पाहिला, मालकांकडे पाहिले आणि मग मागच्या भिंतीकडे बोट केले. तिथे दोन पत्रके शेजारीशेजारी डकवली होती. एकात मालक उपाध्यक्ष होते, दुसऱ्यात सल्लागार.

"उपाध्यक्ष म्हणून तुम्ही म्हणता, हाकला. सल्लागार म्हणून म्हणता, राहू द्या. आणि मालक म्हणून या माणसाची शिफारस करताय," बाई म्हणाल्या. "तुम्ही नक्की कोण?"

"मी दाढी करतो," मालक म्हणाले.

"ते इथे चालत नाही. तुमचं स्वतःचं मत स्वतःच्या अक्षरात लिहून आणा. आणि खाली दोन्ही अध्यक्षांच्या सह्या. म्हणजे उद्या कुणी मला विचारायला नको. शुक्रवार, दुपारी चारच्या आत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर रविवारी महिना संपतो, तेव्हा यांना निघावं लागेल," बाईंनी मौनीकडे न बघता सांगितले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुकानात आल्यावर मौनीने आपली कात्री, कंगवे आणि वस्तरा धुऊन पुसून एका फडक्यात गुंडाळून ठेवले. रोज तो ते आरशापुढे मांडून ठेवायचा.

घरी जेवणे आटोपल्यावर ते कागद घेऊन बसले. 'माझे मत' एवढे लिहून झाले आणि पेन थांबले. पंचवीस वर्षे त्यांनी पाण्यापासून युद्धापर्यंत प्रत्येक विषयावर मत दिले होते. आता शोधायला गेले तर स्वतःचे म्हणून एकही सापडेना. केस मशीनने कापू नयेत, कात्रीनेच कापावेत, असे एक सापडले. पण ते इथे उपयोगाचे नव्हते. शेवटी त्यांनी अर्धे पान भरले आणि बायकोपुढे धरले.

तिने वाचले. "अहो, पहिल्या चार ओळी पोस्टमास्तरांच्या आणि खालच्या चार प्राध्यापकांच्या. हे मत आहे की त्यांचं भांडण?"

"मग काय लिहू?"

"तो गेला तर तुम्हाला काय होईल ते लिहा. नियम गेला चुलीत."

मालकांनी नव्या कागदावर लिहिले, 'मौनी गेला तर माझे दुकान चालणार नाही. आणि चालले तरी मला करमणार नाही.' दोनच ओळी झाल्या होत्या, तरी वस्तऱ्याला धार लावून उठावे तसा त्यांचा हात दुखत होता.

गुरुवारी सकाळी ते आधी प्राध्यापकांकडे गेले. तिथले काम सोपे वाटत होते. प्राध्यापकांनी कागद वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि परत दिला.

"मी सही करू शकत नाही."

"अहो, पण तुम्ही तर बाहेरच्यांच्या बाजूचे!"

"म्हणूनच! हा अर्जच अन्यायकारक आहे. त्यावर सही करणं म्हणजे हा नियम मान्य करणं. तत्त्वात बसत नाही. वाटल्यास मी मौनीवर एक लेख लिहितो."

"पण तो रविवारी जाईल हो!"

"मग तर लेख फारच परिणामकारक होईल," प्राध्यापक हळहळून म्हणाले. हळहळ खरी होती, हे कबूल केले पाहिजे.

मालक तसेच पोस्टमास्तरांकडे गेले, ते केवळ नाही म्हणवून घ्यायला. पोस्टमास्तरांनी घराच्या भिंतीलाही पत्रांचे कप्पे लावून घेतले होते. एकात औषधे, एकात मोजे, बाकीच्यांत त्यांनी सरकारला पाठवलेल्या तक्रारींच्या प्रती. कागद वाचून ते चक्रावले.

"मौनी? आपला मौनी? तो कसा बाहेरचा?"

"सीमेपलीकडचा आहे. आठ वर्षं झाली."

"काहीतरीच! दर मंगळवारी मी त्याच्यापुढे बोलतोय. बाहेरचा असता तर काही बोलला नसता?"

"बाहेरचा आहे म्हणूनच बोलला नाही."

पोस्टमास्तर खाली बसले. "मी त्याच्यासमोर जहाजात भरा म्हणालो होतो."

"दर मंगळवारी."

"आणि तुम्ही 'भराच' म्हणालात!"

"दर मंगळवारी," मालक म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली.

मग पोस्टमास्तरांनी घसा साफ केला. "हे बघा, समितीचं धोरण बदलणार नाही. बाहेरच्यांनी गेलंच पाहिजे. पण मौनीनं नाही. माझ्या मंगळवारचं काय?" त्यांनी सही ठोकली आणि सवयीने वर तारखेचा शिक्काही दाणकन मारला. "दुसरी सही कुणाची राहिलीय?"

मालकांनी सांगितले. पोस्टमास्तरांनी चपला घातल्या.

अशा रीतीने मंगळवार आणि गुरुवार पहिल्यांदाच एकमेकांसमोर आले. प्राध्यापकांनी पुन्हा तत्त्वापासून सुरुवात केली, पण पोस्टमास्तरांनी त्यांना पहिल्या वाक्यातच अडवले. "नका करू सही. मी उद्याच पत्रक काढतो. मौनीसाठी सही केली ती 'आपली माणसं आधी'च्या अध्यक्षानं. 'उघडं दार'च्या अध्यक्षांचं दार मात्र बंद होतं!"

"तुम्ही असं छापणार?"

"मोठ्या अक्षरात."

प्राध्यापकांनी पेन मागितले. सहीखाली त्यांनी 'तीव्र निषेधासह' असे लिहिले आणि ते शब्द सहीपेक्षा मोठे काढले. शुक्रवारी पावणेचारला कारकूनबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "निषेध असला तरी सही ती सही," त्या म्हणाल्या आणि मौनीला पक्का परवाना मिळाला. घामेजलेल्या हाताने तो डागाळू नये म्हणून मौनीने तो घरी जाईपर्यंत कोपऱ्याला धरून नेला.

मंगळवारी पोस्टमास्तर आले ते पाहुण्यासारखे. आज त्यांना आभाराची अपेक्षा होती आणि ती लपवायचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही. मौनीने टॉवेल बांधला, साबण लावला, वस्तरा उघडला आणि हनुवटी वर केली.

"मान सरळ," तो म्हणाला. "आणि साहेब, तुमचं चुकतं."

मालकांच्या हातून कंगवा पडला.

"कशात?" पोस्टमास्तरांनी ओठ न हलवता विचारले. वस्तरा गळ्यावर होता.

"पुष्कळ गोष्टींत. आता परवाना आहे, म्हणून सांगतो. बाहेरचे कामं पळवतात म्हणता. मी आलो तेव्हा ही खुर्ची दोन वर्षं रिकामी होती, हिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. बाहेरचे घाण करतात म्हणता. जमिनीवरचे तुमचे केस आठ वर्षं मीच झाडतोय. जहाजात भरा म्हणता. मी बसनं आलो. जहाज मी अजून पाहिलेलं नाही." त्याने वस्तरा पुसला आणि दुसरा गाल घेतला. "आणि प्राध्यापकसाहेबांनाही सांगा, मी काही समृद्ध वगैरे करत नाही. मी दाढी करतो."

मालकांनी सवयीने "अगदी..." म्हणायला तोंड उघडले, आणि कुणाला म्हणायचे ते न कळून मिटले. गिऱ्हाईक तुटले, हे त्यांना दिसतच होते.

दाढी झाली. पोस्टमास्तर ताठ उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता.

"हे सगळं आठ वर्षं पोटात होतं तुझ्या?"

"हो."

"दर मंगळवारी? माझ्या गळ्यावर वस्तरा फिरवताना?"

"हो साहेब."

पोस्टमास्तरांनी आरशात पाहिले. मग गळ्यावरून सावकाश हात फिरवला, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि परत. आठ वर्षांत तिथे साधा ओरखडाही उठला नव्हता.

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी आपण होऊन मान सरळ केली.

"बोल," ते म्हणाले. "राहिलेलं बोल."