धुऱ्यापलीकडची कीड

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली बाळापूरजवळच्या एका गावात कांदा खाणारा एकही माणूस उरला नव्हता. निदान चारचौघांत तरी नव्हता. कांदा ही गरिबीची खूण ठरली होती आणि स्वतःला गरीब म्हणवून घ्यायला गावात कोणी राजी नव्हतं. तुळशीवृंदावन तेवढं वगळून जिथं माती दिसली तिथं कापसाची पऱ्हाटी उभी होती.

अपवाद मैनाबाई माळणीच्या वाफ्यांचा. तिथं बियाण्यासाठी कांदा लावलेला होता. आसपासच्या गावांतलं कांद्याचं बी आता तेवढंच उरलं होतं; ते हातचं गेलं की कांदा गेला. नेमकी त्यावरच कीड पडली. डोळ्यांना धड दिसेना, पण पात पांढरी करून टाकी. औषध घरोघरी ठाऊक होतं: निंबोळ्या कुटाव्या, भिजवाव्या, गाळून शिंपडाव्या. मात्र निंबोळ्या चावडीत कुलपाआड होत्या. गावानं त्या कापसासाठी राखल्या होत्या.

मैनाबाई चावडीवर गेली. "पायलीभर निंबोळ्या द्या, पाटील. कांद्याले कीड लागली."

"कांदा खाते कोण?" भगवंतराव पाटलांनी विचारलं.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणीच खात नव्हतं.

"मंग कोणी खातच नाही, ते किडीनं खाल्लं त कोणाचं काय गेलं? उगाच जीवहत्या काहून करून राहिली, बाई?"

"अन् पऱ्हाटीवरची मारता, ते?"

"ते कीड येगळी. ते विलायतेचा माल खाते."

सबब, कापसावरची कीड मारणे हे कर्तव्य आणि कांद्यावरची मारणे हे पाप, असा ठराव झाला.

"बरं," मैनाबाई म्हणाली. "पण माह्या वाफ्याले लागून तुमचीच पऱ्हाटी हाय, पाटील. इथलं संपलं का ते कीड धुरा वलांडून तुमच्याकडंच येते."

पंच गंभीर झाले. मुद्दा बिनतोड होता. दोन शेतांमधल्या त्या धुऱ्यावर तातडीनं राखणीला नत्थुजी जागल्याची नेमणूक झाली. एका हाती निंबोळीच्या पाण्याचं मडकं, दुसऱ्या हाती डहाळा. कीड कांद्यावर असेतो तिच्या केसालाही धक्का लागू नये. धुरा ओलांडताक्षणी शिंपडावे.

"नत्थूभाऊ, हात जरासा हिकडं झटक ना," मैनाबाईनं विनवलं. "दोन थेंब उडाले त कोणाले समजते?"

"मले समजते ना. कापसाचं पाणी कांद्याले पाजू? उद्या पाटलाले तोंड कसं दाखवू?"

तरी वाऱ्यानं चार थेंब उडालेच आणि तेवढ्यानं कांद्याची एक ओळ हिरवी झाली. या गैरप्रकाराची गंभीर दखल घेऊन पंचांनी धुऱ्यावर तुराट्यांचा तट्ट्या उभा करवला. कांद्यावरची कीड आता वाऱ्यापासूनही सुरक्षित झाली.

मैनाबाई हटली नाही. पऱ्हाटीची झाडं मातीसकट उपटून आणून तिनं वाफ्यावाफ्यांत रोवली. "घ्या. आता त हे कापसाचंच वावर झालं."

पंचांनी विचार करून मान्यता दिली. पऱ्हाटीवर औषध जरूर शिंपडावे. मात्र खालच्या कांद्यावर थेंब पडू नये, म्हणून तो घोंगड्यांनी झाकावा. नत्थुजीनं जातीनं झाकला. पऱ्हाटी न्हाऊन निघाली. घोंगड्यांखाली किडीला त्या पौषात थंडीसुद्धा वाजली नाही. आठवड्यानं घोंगडी उचलली, तेव्हा खाली वाळलेले दांडे होते. बी धरण्याआधीच गेलं होतं.

त्याच संध्याकाळी पाटलीणबाई पार्वताबाई पदराआड टोपली घेऊन मैनाबाईच्या मागल्या दारी आल्या. "चार कांदे दे वं. कांद्याबिगर त्यायच्या नरड्याखाली घास उतरत नाही."

"संपले, बाई. पुढच्या साली बी नाही."

पार्वताबाईंनी ही खबर घरी नेली. तासाभरात गावातल्या आणखी सात घरांत, कारण न सांगता, जेवणं लांबली. दुसऱ्या दिवशी चावडीवर दोष निश्चित झाला: मैनाबाईनं वेळीच औषध मारायला हवं होतं.

वाचकहो, तुमचंही मत तेच असेल. खुशाल सांगा, फक्त सांगताना तोंड जरा बाजूला करा, वास येतोय.